अभंग गाणाऱ्यानं एम.ए. कुठं करावं? बेळगावहून दिसणाऱ्या वाटांचं परखड परीक्षण

भजनी मंडळात वाढलेली, पेटी बऱ्यापैकी वाजवणारी, गांधर्व मंडळाच्या परीक्षांत मध्यमा किंवा विशारदपर्यंत पोचलेली आणि आता यातच पुढं शिकायचं म्हणणारी मुलं-मुली बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात पुष्कळ आहेत. भक्तिसंगीतात पदव्युत्तर शिक्षण कुठं मिळतं, हा त्यांचा प्रश्न. तर आधीच सांगतो, त्या नावाची पदवी शोधत निघालात तर हिरमोड होईल. आपल्या टप्प्यातल्या विद्यापीठांत एम.ए. मिळते ती हिंदुस्थानी गायनाची किंवा वादनाची, म्हणजे रागाची. अभंग, वचन (शरणांची कन्नड रचना), दासपद (हरिदासांचं कन्नड पद) यांचा नंबर उपशास्त्रीय आणि सुगमच्या रांगेत, तोही शेवटी लागतो. तरीसुद्धा ही पदवी करावी असंच आमचं मत आहे. फक्त तिच्या आत आपला विषय कुठं आणि कसा घुसवायचा, हे प्रवेशाआधी ठरलेलं असावं. पदवी रागाची आणि प्रकल्प अभंगाचा, हाच सध्या हाताशी असलेला खरा भक्तिसंगीताचा अभ्यासक्रम.

धारवाड

बेळगावहून जवळ पडणारी पहिली वाट म्हणजे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. अंतर 75 ते 80 किलोमीटर, बसनं दीड-दोन तास. खानापूरकरांना लोंढा-अळणावरमार्गे रेल्वेही पडते. रागदारीसाठी यापेक्षा चांगलं गाव कर्नाटकात शोधून सापडणार नाही. भक्तिसंगीताच्या विद्यार्थ्याला धारवाड आणखी एका कारणानं महत्त्वाचं आहे. इथल्या परंपरेत ख्याल आणि वचन एकाच गळ्यातून आले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू जितक्या निष्ठेनं ख्याल गायचे, तितक्याच निष्ठेनं वचनं गायचे. त्यामुळं 'हे भजन आहे, हे काही गाणं नव्हे' असा नाक मुरडणारा सूर इथं कमी ऐकू येतो.

अडचण भाषेची. वर्गात कन्नड आणि इंग्रजी चालते. बोलायला कन्नड येणं आणि शास्त्राच्या पेपरला तीन तास कन्नडमध्ये लिहिणं यात फार फरक आहे. मराठी शाळेतून आलेल्यांनी बहुधा इंग्रजीत लिहावं, पण परिभाषा दोन्हीकडची पाठ हवी. आविर्भाव-तिरोभाव, अल्पत्व-बहुत्व, न्यास, अपन्यास हे शब्द संस्कृतच असल्यानं वाटतं तितकं जड जात नाही. अडतं ते वाक्य बांधताना. पहिल्या सत्रापासून आठवड्याला एक उत्तर लिहून कुणाला तरी तपासायला द्या, नाहीतर गाण्यात पहिला वर्ग आणि लेखीत जेमतेम पास अशी गत होते.

ज्यांच्या घरात मराठी आणि गल्लीत कन्नड आहे, त्यांना धारवाडला एक मोठा फायदा आहे. उत्तर कर्नाटकात कन्नड घरांतले वारकरी मराठी अभंग गातात, आणि पुष्कळ हरिदासांची पदं तर विठ्ठलाच्याच नाममुद्रेनं संपतात. पुरंदरदासांची मुद्रा 'पुरंदर विठ्ठल' हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. हे दोन्ही प्रवाह मूळ भाषेत वाचू शकणारा विद्यार्थी पुण्यात सहज मिळत नाही, बेळगावात मिळतो.

कोल्हापूर

शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग ही दुसरी वाट. अंतर साधारण 110 किलोमीटर. रेल्वेनं जायच्या फंदात पडू नका, गाडी मिरजेला वळसा घालून कोल्हापूरला येते. बसच बरी. निपाणीकरांना तर कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, रोज ये-जा करण्याजोगं. बेळगाव शहरातून मात्र रोज ये-जा करायचा विचार करू नये. रियाजाचे सकाळचे दोन तास बसमध्ये जातात आणि गळा धुळीनं बसतो तो वेगळाच.

इथं मराठीत लिहायची सोय आहे आणि संतसाहित्याचे जाणकार हाकेच्या अंतरावर भेटतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची. महाराष्ट्रात 2023 पासून आलेल्या नव्या आराखड्यात दोन वर्षांच्या एम.ए.ला 88 श्रेयांक धरले आहेत. त्यात पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे 4, दुसऱ्या सत्रात क्षेत्रप्रकल्प किंवा कार्यानुभवाचे 4, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे 4 आणि चौथ्यात 6. बेरीज 18. जवळजवळ पाचवा हिस्सा असा आहे की तिथं विषय तुम्ही निवडता. भक्तिसंगीताचा अभ्यास करायचा तो इथंच. बाकीच्या 70 श्रेयांकांत राग, ताल, सौंदर्यशास्त्र आणि इतिहास मुकाट्यानं करावा, त्याचाही उपयोग पुढं होतोच.

कर्नाटकातल्या विद्यापीठाची पदवी घेऊन महाराष्ट्रात प्रवेश घेणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता अर्ज लागतो. मूळ विद्यापीठातून स्थलांतर प्रमाणपत्र निघायला वेळ जातो, म्हणून निकाल लागल्याच्या आठवड्यातच अर्ज टाकावा. सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत तुमचं गाव असेल, तर त्या विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतींबद्दल प्रवेश विभागाला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. तोंडी मिळालेल्या 'होईल ओ' या उत्तरावर शुल्क भरू नये. रहिवासाच्या दाखल्यावर गावाचं नाव यादीतल्या नावाशी अक्षरश: जुळतंय ना, हेही बघा. जुनं-नवं स्पेलिंग, कन्नड उच्चार आणि मराठी उच्चार यात कागद अडकतात.

गांधर्व मंडळाच्या परीक्षा: विशारदनंतर अलंकार करावा का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ हे नाव आपल्या भागात नव्यानं सांगायला नको. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे आणि शिक्षण मिरजेचं, म्हणजे आपल्याच शेजारचे. त्यांच्या निधनानंतर 1931 साली शिष्यांनी मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून अलंकार पूर्णपर्यंत नऊ परीक्षा आहेत, आणि त्या एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. ज्या माणसानं रामनामाची धून आणि भजन राजदरबारातून रस्त्यावर आणि सभेच्या मंडपात नेलं, त्याच्या परंपरेतली परीक्षा भजनी गायकानं द्यावी हे रास्तच आहे.

पण ही पदवी नव्हे. अलंकारला एम.ए.च्या तोडीचं मानतात असं सर्रास सांगितलं जातं. कोण मानतं आणि कोण नाही, हे संस्थेगणिक आणि राज्यागणिक बदलतं. प्राध्यापकीसाठी नेट द्यायची असेल तर विद्यापीठाची एम.ए. 55 टक्क्यांसह हातात असावी (राखीव प्रवर्गांना 50), आणि नेटमध्ये संगीत हा 16 क्रमांकाचा विषय आहे. खासगी वर्ग चालवायचा असेल, शाळेत संगीत शिकवायचं असेल किंवा मंडळाचीच केंद्रं सांभाळायची असतील, तर मात्र अलंकारचं वजन एम.ए.हून कमी नाही, काही ठिकाणी जास्तच. कर्नाटक सरकारच्या ज्युनिअर-सिनिअर-विद्वत् परीक्षांची वाट निराळी आहे. कर्नाटकात शाळेची नोकरी डोळ्यासमोर असेल तर भरतीच्या जाहिरातीतली अट आधी वाचावी आणि मगच परीक्षा निवडावी.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. बी.ए. दुसऱ्याच विषयात झालंय पण विशारद हातात आहे, अशा उमेदवाराला बऱ्याच विद्यापीठांत संगीताच्या एम.ए.ला बसता येतं. हा नियम दरवर्षीच्या माहितीपत्रकात शोधा, गेल्या वर्षीच्या मित्राच्या तोंडून नको.

लेखीत भजनी विद्यार्थी हमखास गुण घालवतो तो स्वरलिपीत. मंडळाच्या परीक्षांना भातखंडे आणि पलुस्कर अशा दोन्ही पद्धती लागतात, आणि दोन्हींत टिंब आहे. भातखंडे पद्धतीत मंद्र स्वराच्या खाली टिंब आणि तार स्वराच्या वर टिंब. पलुस्कर पद्धतीत मंद्राचा टिंब स्वराच्या वर, आणि तार स्वरावर उभी रेघ. म्हणजे 'नि'च्या डोक्यावरचं तेच टिंब एका पद्धतीत वरच्या सप्तकात नेतं आणि दुसरीत खालच्या. ताललेखनातही तसंच. भातखंड्यांकडं सम म्हणजे फुली आणि काल (खाली) म्हणजे शून्य, पलुस्करांकडं सम म्हणजे 1 आणि कालाला अधिकचं चिन्ह. एकाच उत्तरात दोन्ही मिसळली की तपासणारा पुढचं वाचतच नाही. उत्तराच्या माथ्यावर पद्धतीचं नाव आणि चिन्हांची किल्ली लिहायची सवय लावावी, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा खड्डा तिगुणीचा, म्हणजे एका मात्रेत तीन बोल बसवण्याचा. भजनी ठेका आणि धुमाळी दोन्ही आठ मात्रांचे, त्यामुळं 'आठाचं काय अवघड' असं वाटतं. आठाला तिनानं भाग जात नाही. एका आवर्तनाची तिगुण बसते दोन मात्रा आणि दोन-तृतीयांशात, म्हणून ती पाच पूर्णांक एक-तृतीयांश मात्रांनंतर सुरू करावी लागते. कागदावर मांडायची तर सहाव्या मात्रेत पहिला तिसरा भाग रिकामा, मग बोल 1 आणि 2, सातवीत 3, 4, 5, आठवीत 6, 7, 8, आणि सम. झपतालाच्या दहा मात्रांना हाच हिशोब लावला तर सातव्या मात्रेत दोन भाग रिकामे राहून तिसऱ्यावर पहिला बोल पडतो. पाठांतर करून हे टिकत नाही. हातावर ताल धरून तोंडानं दहा वेळा म्हटलं की डोक्यात बसतं.

पुणे आणि आळंदी, थोडक्यात

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीनं चालतं, 1987 पासून. रियाजाचा दर्जा, सहाध्यायी, मैफली, सगळंच उत्तम. पण राहण्याचा खर्च पुण्याचा, आणि प्रवेशासाठीची स्पर्धाही पुण्याचीच. ज्याचा गळा ख्यालासाठी आधीच तयार आहे आणि ज्याला कलाकार व्हायचंय त्यानं जावं. संशोधनाकडं कल असलेल्यानं घरापासून जवळ राहावं, कारण त्याचं साहित्य आपल्या तालुक्यात आहे.

आळंदीची वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोगांनी 1917 साली काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन, निरूपण. इथून पदवी मिळत नाही, पण विद्यापीठात दोन वर्षं बसून जे मिळणार नाही ते इथं मिळतं: अभंगाचा अर्थ उभा करणं आणि चालीला अर्थानं वळवणं. एम.ए.आधी हे झालेलं असेल तर सोनं. एम.ए.नंतर चार वर्षं काढणं बहुतेकांना परवडत नाही, म्हणून निदान सुट्ट्यांत गावातल्या कीर्तनकाराकडं बसून निरूपण ऐकावं, लिहून काढावं.

भजनाचा गळा वर्गात कुठं अडतो

भजनी मंडळात वाढलेल्या मुलाचा ताल पक्का असतो, पाठांतर दांडगं असतं, शब्द स्वच्छ असतो. अडतो तो चार जागी, आणि चारही वेळच्या वेळी सुधारता येतात.

पहिली जागा पट्टीची. वारकरी भजन चढ्या पट्टीत, पुष्कळदा काळी चार किंवा काळी पाचला (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) चालतं, कारण वीस-तीस टाळांच्या वर आवाज काढायचा असतो. त्यामुळं पुरुषांचा तार सप्तक खणखणीत आणि मंद्र नावालाही नाही. विलंबित ख्यालाची आलापी मंद्र पंचमापासून उभी राहते, म्हणून परीक्षकाला पहिल्या पाच मिनिटांतच पोकळी ऐकू येते. सा काळी एक किंवा पांढरी दोनला आणून सहा महिने फक्त खालच्या पंचमापर्यंतचा खर्ज करावा. या काळात एकादशीच्या भजनाला चाल सांगायला न बसता ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलायला बसावं. मंडळातली मोठी माणसं नाराज होतील, पण ऐकून घ्यावं.

दुसरी आकाराची, म्हणजे नुसत्या 'आ'वर गाण्याची. शब्दांवर वाढलेला गळा शब्द काढून घेतले की बावचळतो. उपाय साधा आहे: रोजचा एक अभंग घ्या, त्याची चाल आधी शब्दांत, मग सरगमात, मग नुसत्या आकारात गा. सरगमात जिथं अडखळाल तिथं चालीतला स्वर तुम्हाला माहीतच नव्हता, फक्त कानावर होता.

तिसरी विलंबित एकतालाची. आठ मात्रांच्या जलद आवर्तनाची सवय असलेल्याला 12 मात्रांचं 48 सेकंद चालणारं आवर्तन म्हणजे मोकळं रान. सम हातून निसटते ती नवव्या-दहाव्या मात्रेला, कारण तोवर मनातली मोजणी भजनी ठेक्यावर परत आलेली असते. प्रत्येक मात्रेचे चार भाग करून मोजा, म्हणजे आवर्तन 48 ठोक्यांचं होतं आणि मुखडा कुठून उचलायचा ते नेमकं कळतं.

चौथी अडचण मृदंगाची, आणि तिच्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. मंचप्रदर्शनात अभंग मृदंगावर गायचा असेल तर वादक आणि वाद्य बहुधा तुम्हालाच न्यावं लागतं. मंडळाचा मृदंग चढ्या पट्टीसाठी मढवलेला असतो, शाई आणि पुडी (तोंडावरचं कातडं) त्याच हिशोबाची. तो काळी चारवरून काळी एकवर उतरवायला गेलात तर पुडी ढिली पडून आवाज बसतो. उलट खालच्या पट्टीचा मृदंग गट्टे ठोकून वर ओढला तर पुडी फाटते किंवा वादी (ती ताणणारी कातडी पट्टी) तुटते. सुटका अशी की काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. सा काळी एक असलेल्या गायकाला काळी चारचा मृदंग पंचमात लावून चालतो, ऐकायलाही खटकत नाही. मात्र अभंगाची चाल मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागातली असेल तर हा उपाय बाद. दुसरा अभंग निवडा किंवा तबला घ्या. मुलींचा सा बहुधा काळी चारच्या आसपासच असतो, त्यांना मंडळाचा मृदंग जसाच्या तसा लागतो. डाव्या पुडीची कणीक मंचावर जायच्या अर्धा तास आधी लावावी, फार आधी लावली की पंख्याखाली सुकते आणि धूम कोरडी वाजते.

मंचाचा आणखी एक मुद्दा. परीक्षकाच्या कानात 'अभंग' म्हटलं की भीमसेन जोशींनी मैफलीत रुजवलेला अभंग असतो: एक गायक, मध्ये आलाप-ताना, साथीला टाळ. आपल्या मंडळाचा अभंग म्हणजे चाल सांगणारा एक, ध्रुपद उचलणारे वीस आणि शेवटाला चढत जाणारी लय. सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन हे तिसरंच. तिन्ही खरे, पण मंचावर कोणता सादर करताय हे दोन वाक्यांत आधी सांगा, नाहीतर मंडळाच्या ढंगाला 'कच्चं गाणं' म्हणून गुण कापले जातात.

प्रकल्प: इथंच खरी कमाई

विषय निवडताना विद्यार्थी मोठ्ठं नाव घेतात: संत तुकारामांच्या अभंगांचा सांगीतिक अभ्यास. गाथेत चार हजारांवर अभंग आहेत. दोन सत्रांत काय होणार? त्यापेक्षा खानापूर तालुक्यातल्या पाच मंडळांत रूपाचा (विठ्ठलाचं रूप वर्णन करणारा) एकच अभंग कोणकोणत्या चालींत गातात, हा विषय घ्या. किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाण्यांत चौंडक्याचा (एकतारी तालवाद्याचा) ताल आणि गाण्याची लय एकमेकींशी कशी वागतात. किंवा धनगरी ओव्या आणि ढोल. चिकोडी-अथणी भागात हे सगळं अजून जिवंत आहे आणि त्याचं स्वरलेखन फारसं झालेलं दिसत नाही.

मोठ्या अभंगाची रचना अक्षरांवर आहे: सहा, सहा, सहा आणि चार. ठेका मात्रांवर आहे: आठ. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवताना दोन मात्रा कुठं ओढल्या जातात आणि चौथ्या चरणाची चार अक्षरं कशी पसरतात, यावर चालीचा सगळा स्वभाव ठरतो. दोन मंडळांच्या चाली कानाला एकसारख्या वाटतात, पण अक्षरं मात्रांखाली मांडली की एक मंडळ तिसऱ्या अक्षरावर ओढतं आणि दुसरं सहाव्यावर, हे उघडं पडतं. असा एक तक्ता दहा पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त बोलतो.

ध्वनिमुद्रणात बहुतेकांचं काम वाया जातं. मोबाइल समोर ठेवला की टाळ पडताक्षणी त्याची आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय गायकाचा आवाजच दाबून टाकते. स्वर मोजणारं सॉफ्टवेअर मग टाळाचाच स्वर पकडत बसतं. ही सोय बंद करता येणारं रेकॉर्डर किंवा ॲप वापरा, कॉलर माइक चाल सांगणाऱ्याला लावा आणि दुसरं यंत्र तीनेक मीटरवर, टाळकऱ्यांच्या रांगेच्या मागं उंचावर ठेवा. मुद्रण वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झला. सुरुवातीला पेटीचा सा दहा सेकंद धरून घ्या आणि पट्टी तोंडानं सांगा. पेटी नसलेल्या मंडळात सा हळूहळू वर सरकतो, म्हणून शेवटीही एकदा घ्या. लय सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा, मिनिटाला किती मात्रा, तसं. तोच अभंग भजन संपल्यावर टाळांशिवाय एकट्याकडून पुन्हा गाऊन घ्या. स्वरलेखन या दुसऱ्या मुद्रणावरून करावं आणि ताल-लयीसाठी पहिलं वापरावं. 'प्राट' आणि 'सॉनिक व्हिज्युअलायझर' ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर्स या कामाला पुरतात, पण कोमल धैवत किती कोमल हे यंत्रावरून ठरवण्याआधी तीनदा कानानं ऐका.

मंडळाची लेखी परवानगी घ्या, एका पानाची, मराठीत किंवा कन्नडमध्ये, आणि मुद्रणाची एक प्रत त्यांना पेनड्राइव्हवर द्या. चाल कोणाकडून आली हे प्रत्येक गायकाला विचारून नोंदवा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो, आणि 'पारंपरिक' एवढ्या उत्तरावर कोणी समाधान मानत नाही.

तानपुरा घ्यायचा असेल तर घाईनं मोबाइलवरचा सूर कायम करू नका. कागवाड-अथणीकरांना मिरज अगदी जवळ, बेळगावकरांनाही सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराला आपली पट्टी सांगून जवारी (तारांखालच्या घोडीची घासणी) काढून घ्यावी. भजनाच्या चढ्या पट्टीसाठी लावलेली जवारी काळी एकला घुमत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र प्रवासात, वसतिगृहात आणि क्षेत्रकामाला हवाच.

आमची निवड विचारलीत तर: निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या मराठी शिकलेल्यांनी कोल्हापूर, खानापूर आणि बेळगावच्या दोन्ही भाषा येणाऱ्यांनी धारवाड, आणि दोघांनीही अलंकारचा अर्ज एम.ए.च्या दुसऱ्या वर्षानंतर भरावा, आधी नको. दोन्ही एकत्र धरलेले विद्यार्थी नोव्हेंबरात लेखी, प्रात्यक्षिक आणि प्रकल्प अशा तिन्हींच्या तारखांत सापडतात.

तारखांचंच निघालं म्हणून एक सांगतो. क्षेत्रकामासाठी सगळे आषाढी-कार्तिकीकडं बघतात. आषाढी प्रवेशाच्या धांदलीत येते आणि कार्तिकी सत्रपरीक्षेच्या तोंडावर. शिवाय त्या गर्दीत टाळ-मृदंगाखेरीज काही टिपताच येत नाही. माघी एकादशी जानेवारी-फेब्रुवारीत पडते, परीक्षा झालेल्या असतात, गावोगावचे हरिनाम सप्ताह चालू असतात आणि मंडळांकडं बसून बोलायला वेळ असतो. मुद्रणाची परवानगी डिसेंबरातच मागून ठेवा.